लॉस सँटोस, १९९२

एम.ए. भाग दोनच्या ‘ऐतिहासिक कादंबरी’ या अभ्यासपत्रिकेची अंतर्गत तोंडी परीक्षा आम्ही दोघे मिळून घेत होतो. प्रश्न दरवर्षीचाच होता: कल्पित वाङ्मयाने इतिहासाशी किती प्रामाणिक राहावे, आणि तशी अपेक्षा करणे रास्त आहे काय? उत्तरेही दरवर्षीचीच येत होती. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’. क्वचित एखाद्याने बखरींचा उल्लेख केला की आम्ही सुखावत होतो. एका विद्यार्थ्याने मात्र वेगळीच वाट धरली. १९९२ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात मोठी दंगल झाली, असे तो म्हणाला. एका भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्यावरचा खटला पुराव्याअभावी कोसळला म्हणून ती पेटली, आणि तो अधिकारी मेल्यावर ती विझली. हे कुठे वाचलेस, असे विचारल्यावर तो क्षणभर घुटमळला. “वाचलं नाही सर, खेळलोय.”

आम्ही हसलो. दहापैकी चार गुण दिले आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावले.

त्या संध्याकाळी गुणपत्रिका भरताना आमच्या लक्षात आले ते असे, की त्या दंगलीविषयी आम्हां दोघांना जी काही माहिती होती तीही त्याच खेळातून आलेली होती. फरक इतकाच, की आमच्याकडे ती वीस वर्षे जुनी झालेली होती आणि तिचा उगम आम्ही विसरून गेलो होतो. विसरलेला उगम हा विद्वत्तेसारखा दिसतो. प्रस्तुत लेखाचे निमित्त हे एवढेच.

हा खेळ म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’. २००४ च्या ऑक्टोबरात तो प्लेस्टेशन टू या यंत्रासाठी निघाला आणि २००५ च्या जूनमध्ये संगणकावर आला. आम्ही तेव्हा पुण्यात एम.ए. करत होतो. ज्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून विद्यापीठाच्या निकालाची वाट पाहायची, तिथल्याच मागच्या रांगेतल्या संगणकांवर कॅफेच्या मालकाने कुठूनशी मिळवलेली त्याची प्रत घातलेली होती. आमच्यापैकी एक खेळत असे. दुसरी शेजारच्या खुर्चीवर बसून, ई-मेल उघडेपर्यंत, पडद्यावरच्या उपद्व्यापांकडे कपाळाला आठ्या घालून पाहत असे. पुढे त्या आठ्या गेल्या आणि “डावीकडे वळ, डावीकडे” अशा सूचना सुरू झाल्या, हे प्रांजळपणे नमूद करायला हवे.

त्या मागच्या रांगेत खेळाची कथा पुरी करण्याच्या भानगडीत फारसे कुणी पडत नसे. तासाचे पैसे मोजून कथा कोण ऐकणार! ‘हेसोयाम’ ही अक्षरे टंकली की नायकाची प्रकृती सुधारे, अंगावर चिलखत चढे आणि खिशात अडीच लाख डॉलर येत. इंग्रजीचा पेपर दोनदा राहिलेल्या मुलांनाही असे वीस-पंचवीस चीट कोड मुखोद्गत होते. त्यांतच एक कोड होता ‘स्टेटऑफइमर्जन्सी’. तो टंकला की शहरातली माणसे एकाएकी एकमेकांवर तुटून पडत, गाड्या पेटत, कुणी दूरचित्रवाणी संच उचलून पळत सुटे. मराठीत त्या शब्दांचा अर्थ आणीबाणी. पण आमच्या कॅफेत त्याला सरळ ‘दंगलीचा कोड’ म्हणत. लॉस एंजेलिसची दंगल आम्ही प्रथम पाहिली ती अशी, कोणत्याही कारणाशिवाय, सोळा अक्षरांत.

खरे तर या खेळाचा अमेरिकेशी संबंधच मुळात दुरून आलेला आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेचा पहिला खेळ स्कॉटलंडमधल्या डंडी या गावी घडला. तिथल्या डीएमए डिझाइन या संस्थेने १९९५ च्या सुमारास ‘रेस अँड चेस’ या नावाने त्याचा आराखडा केला होता. चोर आणि पोलीस अशा दोन्ही बाजूंनी खेळता येईल अशी मूळ कल्पना होती. खेळ रटाळ होत चालला होता. मग पोलिसांच्या गाड्या चालवणाऱ्या आज्ञावलीत काही गफलत झाली आणि त्या गाड्या खेळाडूला अडवण्याऐवजी वेड्यासारख्या त्याच्या अंगावर येऊ लागल्या, अशी कथा त्या चमूतले लोकच सांगतात. ती चूक सर्वांना इतकी आवडली की खेळच तिच्याभोवती रचला गेला. पोलिसांचे पिसाटपण हे या मालिकेचे आदिबीज आहे, आणि ते सामाजिक भाष्य म्हणून नव्हे तर गंमत म्हणून रुजले, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल. १९९७ मध्ये हा पहिला खेळ बाजारात येण्यापूर्वीच ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याविषयी चिंता व्यक्त झाली होती. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्यांना तीच हवी होती.

त्या पहिल्या खेळात शहर थेट वरून दिसे: गाड्यांची टपे आणि माणसांची डोकी. २००१ च्या तिसऱ्या खेळाने ती दृष्टी जमिनीवर आणली, २००२ च्या ‘व्हाइस सिटी’ने तिला १९८६ चे मायामी दिले, आणि ‘सॅन अँड्रियास’ने १९९२ चे कॅलिफोर्निया. तोवर डीएमएचे रॉकस्टार नॉर्थ झाले होते आणि बिऱ्हाड एडिंबरोला हलले होते. लेखन डॅन हाउसर या इंग्रज गृहस्थाकडे होते. सोबतीला लॉस एंजेलिसच्या हिप-हॉप आणि चित्रपटांच्या जगातला डीजे पूह हा लेखक होता. थोडक्यात, हे लॉस एंजेलिस बव्हंशी चित्रपटांतून, गाण्यांतून, छायाचित्रांतून उचललेले होते. जॉन सिंगल्टनचा १९९१ चा ‘बॉइझ एन द हूड’ पाहिलेल्याला हे निराळे सांगावे लागत नाही. त्या शहराचे नाव खेळात लॉस सँटोस. कॉम्प्टनचे गँटन झाले, इंगलवुडचे आयडलवुड.

कथा थोडक्यात अशी. कार्ल जॉन्सन, म्हणजे सीजे, हा कृष्णवर्णीय तरुण पाच वर्षांनी गावी परततो, कारण त्याच्या आईचा खून झालेला आहे. विमानतळावरून निघालेली त्याची टॅक्सी तीन पोलीस अडवतात. त्यांचा म्होरक्या फ्रँक टेनपेनी. ते त्याचे पैसे काढून घेतात, न केलेल्या खुनात गोवण्याची धमकी देतात आणि शत्रूटोळीच्या वस्तीत त्याला उतरवून देतात. तिथून एका सायकलवर बसून तो घरी येतो. पुढे मित्रांची फितुरी, परागंदा होणे, धन जमवणे आणि परतणे अशी रचना आहे. नीतीच्या वाटेला न जाणारा, गावोगाव फिरणारा, प्रत्येक धन्याची चाकरी करून पुढे सरकणारा हा नायक सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश भटक्या-नायकाच्या कथांचा दूरचा वारस आहे, असे आमच्यापैकी एकाचे आग्रही मत आहे. दुसरीला ते अध्यापकी वाटते.

कथेच्या शेवटी टेनपेनीवर खटला चालतो. साक्षीदार उरलेले नसतात, तो सुटतो. सीजे आणि त्याचा भाऊ स्वीट हा निकाल टेकडीवरच्या एका आलिशान बंगल्यात दूरचित्रवाणीवर पाहतात, आणि शहर पेटते. मग भावाला गाडीत घालून टेकडीवरून खाली, आपल्या गल्लीपर्यंत न्यायचे असते.

आता प्रत्यक्षात काय झाले ते पाहू.

३ मार्च १९९१ च्या मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला रस्त्यावर पाडून दंडुक्यांनी मारले. समोरच्या इमारतीच्या सज्ज्यातून जॉर्ज हॉलिडे या रहिवाशाने ते चित्रित केले आणि ती फीत जगभर दाखवली गेली. चार पोलिसांवर खटला उभा राहिला, तो शहराबाहेरच्या, प्रामुख्याने गोऱ्या वस्तीच्या सिमी व्हॅली या गावी हलवण्यात आला. ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. बचाव पक्षाने तीच फीत संथ करून, एकेक चौकट थांबवून, प्रत्येक फटक्याला स्वतंत्र कारण असल्याचा युक्तिवाद केला. २९ एप्रिल १९९२ रोजी पोलिसांची सुटका झाली; एका आरोपीवरील एका आरोपाबाबत तेवढे ज्युरीचे एकमत झाले नाही. काही तासांतच फ्लॉरेन्स आणि नॉर्मंडी या रस्त्यांच्या चौकातून दंगल पसरली. ती शमेपर्यंत साठाहून अधिक माणसे मेली, दोन हजारांवर जखमी झाली, सुमारे एक अब्ज डॉलरच्या मालमत्तेची राख झाली. नॅशनल गार्डबरोबर सैन्यही उतरवावे लागले.

इथपर्यंत खेळ आणि इतिहास हातात हात घालून चालतात, असे वाटते. पण निकाल हे कारण होते की काडी? दक्षिण लॉस एंजेलिसचे कारखाने एकेक करून बंद पडले होते. साउथ गेटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये गेला, त्याआधी फायरस्टोनचा. १९८७ पासून ‘ऑपरेशन हॅमर’ या नावाने पोलिसांनी वस्त्यांवर सामुदायिक धाडी घातल्या. आणि रॉडनी किंगच्या मारहाणीनंतर तेराच दिवसांनी, १६ मार्च १९९१ रोजी, पंधरा वर्षांची लताशा हार्लिन्स एका कोरियन दुकानात संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून गोळी लागून मेली. बाटलीची किंमत एक डॉलर एकोणऐंशी सेंट. मुलीच्या हातात दोन डॉलर होते. दुकानाच्या कॅमेऱ्याने हेही टिपले होते. दुकानदार बाई, सून जा दू, सदोष मनुष्यवधाच्या आरोपात दोषी ठरली. न्यायाधीशांनी तुरुंगवास न देता तिला परिवीक्षा, चारशे तास समाजसेवा आणि पाचशे डॉलर दंड सांगितला. अपील न्यायालयाने ही शिक्षा कायम केली ती १९९२ च्या एप्रिलात, दंगलीच्या जेमतेम आठवडाभर आधी. दंगलीत जळालेल्या वा लुटल्या गेलेल्या कोरियन दुकानांची संख्या दोन हजारांच्या वर जाते.

लॉस सँटोसमध्ये कोरियन माणूस नाही. कोरियाटाउन ही वस्तीच नकाशात नाही. (२०१३ च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’मध्ये लॉस सँटोस पुन्हा उभे केले तेव्हा ‘लिटल सोल’ नावाने ती आली, पण तो काळ वेगळा, कथा वेगळी.) लताशा नाही, तिच्यासारखी कुणी नाही. पकडल्या गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक लॅटिनो होते. खेळात त्या समाजाच्या टोळ्या आहेत, स्थलांतरित मजुरांचे दारिद्र्य नाही. फीत तर नाहीच. रॉडनी किंगच्या जागी कुणी मार खाल्लेला माणूस नसून एक मारणारा माणूस आहे: टेनपेनी. त्याच्या पथकाचे नाव ‘क्रॅश’. या नावाचे पथक लॉस एंजेलिसच्या पोलिसांत खरोखरच होते, पण त्याच्या रॅम्पार्ट विभागातल्या भ्रष्टाचाराचा स्फोट झाला तो १९९९ च्या सुमारास. म्हणजे खेळाने त्या दशकाच्या अखेरचा खलनायक उचलून मागच्या दंगलीच्या मुळाशी बसवला. हा कालविपर्यास आम्हांला त्याच्या चुकांपैकी सर्वांत बोलका वाटतो. १९९२ मध्ये ज्या पोलिसांचा निवाडा झाला त्यांच्यावर लाचखोरीचा आरोप नव्हता. नोकरीचा भाग म्हणून आपण हे केले, असेच त्यांचे म्हणणे होते. अशा माणसांना शेवटच्या मिशनमध्ये ठार मारता येत नाही. टेनपेनीला येते.

आणि तो मरतो तेव्हा काय होते? पळवलेला अग्निशामक बंब पुलावरून सीजेच्याच गल्लीत कोसळतो, टेनपेनी रस्त्यावर प्राण सोडतो आणि दंगल थांबते. अगदी आमचा विद्यार्थी म्हणाला तशी.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. दंगल सुरू झाल्यावर शेवटच्या मिशनपर्यंत पोहोचायचे तर खेळाडूला शत्रूटोळ्यांच्या मुलखाचा ठरावीक वाटा जिंकून घ्यावा लागतो. जळत्या शहरात गल्ली जिंकत जायचे. जांभळ्या रंगाच्या माणसांना मारून नकाशावर हिरवा रंग पसरायचा. प्रत्यक्षात निकालाच्या आदल्या दिवशी, २८ एप्रिल १९९२ रोजी, वॉट्स भागातल्या क्रिप्स आणि ब्लड्स या हाडवैरी टोळ्यांनी शस्त्रसंधी केला होता. एकमेकांच्या वस्तीत पाय ठेवायला न धजणारी मुले त्या आठवड्यात एकत्र फिरत होती. दंगलीतली बहुधा सर्वांत अनपेक्षित गोष्ट हीच असावी, आणि खेळाने नेमकी तिची उलट बाजू खेळाडूच्या हाती दिली. याला कुणाचा दुष्टावा कारणीभूत आहे असे आम्ही म्हणत नाही. तह खेळता येत नाही, लढाई खेळता येते. पोवाड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण नवी नाही.

येथे आमच्यात मतभेद आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की खेळाचे ऐतिहासिक सत्य कथानकात शोधणे हीच चूक आहे. ते त्याच्या भूगोलात आहे. टेकडीवरच्या बंगल्यातून निघून गँटनपर्यंत गाडी हाकताना बागा संपतात, झाडे विरळ होतात, भिंती वाढतात, घरांच्या खिडक्यांना गज येतात. श्रीमंत लॉस एंजेलिसने स्वतःभोवती तट कसे उभारले हे माइक डेव्हिस यांनी १९९० च्या ‘सिटी ऑफ क्वार्ट्झ’मध्ये दंगलीच्या दोन वर्षे आधी मांडले होते. ते वाचलेला माणूस समजतो; हा रस्ता हाकलेल्याला अंतर ठाऊक होते. पुण्यातल्या कॅफेत बसलेल्या, अमेरिकेला न गेलेल्या मुलाच्या बोटांना ते शहर वरून खाली कसे उतरते हे कळले होते. पहिल्याच प्रसंगात टॅक्सीतून खेचला जाणारा सीजे हेही खोटे नाही. काही न करता पोलिसांनी थांबवणे म्हणजे काय, हे कादंबरीच्या वाचकाला दूर राहून कळते. इथे थांबवले जातो ते आपण.

दुसरीचे बालपण डोंबिवलीत गेले. १९९२ हा आकडा तिच्या मनात वेगळ्याच शहराचा धूर घेऊन येतो. १९९३ च्या जानेवारीत वडील मुंबईहून परतेपर्यंत आई खिडकी सोडत नसे, ही तिची आठवण. तिचे म्हणणे असे: मुंबईच्या त्या दोन महिन्यांवर कुणी दूर एडिंबरोत बसून असा खेळ केला असता, सरकारी आकड्यांप्रमाणे जी नऊशे माणसे मेली त्यांचे कारण एका पाजी फौजदाराच्या माथी मारले असते, आणि मेलेल्यांपैकी एक समाजच नकाशातून गाळला असता, तर भूगोल अचूक आहे म्हणून आपण टाळ्या वाजवल्या असत्या काय? याला पहिल्याकडे उत्तर नाही. त्याने चहा मागवला.

वाङ्मयाने या दंगलीचे काय केले हे पाहिले की तुलना अधिक अवघड होते. अ‍ॅना डेव्हियर स्मिथ या नटी-लेखिकेने दंगलीनंतर तीनशेच्या आसपास लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतून ‘ट्वायलाइट: लॉस एंजेलिस, १९९२’ हे नाटक रचले. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच ते उभे राहिले. त्यात कोरियन दुकानदार बोलतात, पोलीसप्रमुख बोलतो, दंगलीत जीव जाता जाता वाचलेला ट्रकचालक बोलतो, आणि ही सगळी माणसे ती एकटीच रंगमंचावर करते. शीर्षकातले ‘ट्वायलाइट’ हे टोळ्यांच्या शस्त्रसंधीसाठी झटलेल्या एका तरुणाचे नाव आहे. एकच देह, अनेक आवाज. खेळात नेमके उलट: शहरभर माणसे, आणि आवाज एकाच देहाच्या मागे चालणारा. वाटेतला माणूस ओरडतो, शिवी देतो, मरतो. त्याला नाव नसते. स्टेफ चा या कोरियन-अमेरिकन लेखिकेची २०१९ ची ‘युअर हाउस विल पे’ ही कादंबरी लताशाच्या प्रकरणाचा आधार घेऊन दोन कुटुंबांची पुढची पिढी रंगवते. तिथे दंगल संपून पंचवीस वर्षे झाली तरी संपलेली नाही.

अर्थात ‘सॅन अँड्रियास’ला असे प्रश्न त्या काळी फारसे कुणी विचारले नाहीत. २००५ मध्ये अमेरिकेत त्यावरून रान उठले ते खेळाच्या आज्ञावलीत दडून राहिलेल्या एका शृंगारिक प्रसंगासाठी. त्याची श्रेणी बदलून ‘केवळ प्रौढांसाठी’ करण्यात आली, दुकानांनी तो काढून टाकला, सुधारून पुन्हा ठेवला. त्या गदारोळात दंगल मागेच राहिली. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमना ग्रंथ आणि नाटकांप्रमाणेच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असा निर्वाळा दिला. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींनी होमर आणि ग्रिमच्या परीकथांतल्या क्रौर्याचे दाखले दिले. आम्हांला हा निकाल मान्य आहे. मात्र ग्रंथाचे हक्क मिळाले की ग्रंथाला विचारतात ते प्रश्नही मागोमाग येतात. मल्हार रामराव चिटणीसांनी संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी बखर लिहिली. तीतले चित्र नाटकांनी, कादंबऱ्यांनी उचलले, आणि ते पुसण्यासाठी वा. सी. बेंद्रे यांना आयुष्यातली कित्येक वर्षे कागदपत्रे चाळावी लागली. त्यांचा ग्रंथ आला तो १९६० मध्ये. चिटणीसांची बखर आम्ही वर्गात खोटी म्हणून बाजूला सारत नाही. ती का तशी लिहिली गेली हे शिकवतो. त्या मुलाला आम्ही तेवढेही विचारले नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तो खेळ पुन्हा लावला, या वेळी चीट कोडाशिवाय, आणि प्रथमच शेवटापर्यंत नेला. महिना गेला. मधल्या काळात त्या विद्यार्थ्याला बोलावून लताशा हार्लिन्सविषयीचा एक लेख वाचायला दिला होता. दोन दिवसांनी तो आला. दिलेले गुण आता बदलता येत नाहीत, हे आम्ही त्याला आधीच सांगून टाकले. त्याने ते मनावर घेतले नाही. त्याला एवढेच विचारायचे होते: “मॅडम, ते दुकान गेममध्ये कुठे आलं असतं?” मग तिघांनी मिळून नकाशा उघडला. त्याने आयडलवुडच्या अलीकडच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवले, मग ते उचलून थोडे उत्तरेला सरकवले, आणि तिथेही त्याला नक्की वाटेना.

शेवटचे मिशन संपल्यावर आम्ही गाडी काढून त्या वाटेने पुन्हा गेलो. रस्ते झाडून काढल्यासारखे स्वच्छ होते. एकही घर काळवंडलेले नव्हते, एकही दुकान बंद नव्हते. पुलाखाली बंब जिथे कोसळला होता तिथे काही नव्हते. एक बाई पदपथावरून चालत आली, आमच्या गाडीला वळसा घालून गेली.